गावाकडच्या धंद्यासाठी जाहिरात लिहिताना कोणती शिस्त पाळावी?

बांधावरून

करवीर, पन्हाळा, शिरोळ या पट्ट्यातल्या लहान धंद्यांसाठी मी जाहिरातीचा मजकूर लिहिते. गुऱ्हाळं, रोपवाटिका, तेलघाणा, पशुखाद्याचं दुकान, बचत गट. पिशवीवरचा मजकूर, रस्त्यावरचा फ्लेक्स, व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप, बाजाराच्या दिवशी रिक्षावरून पुकारायच्या चार ओळी, हे सगळं त्यात आलं. इथे स्वतःचा माल स्वतः विकणारे बरेच आहेत, छपाईवाले आहेत, म्हणून धागा काढतेय. मी काम कसं करते ते सांगते. तुमची पद्धत वेगळी असेल तर जरूर लिहा.

आधी दुखणं कुठे आहे ते. तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभं राहून पाट्या वाचा. ‘उत्कृष्ट दर्जा, माफक दर, तत्पर सेवा, एक वेळ अवश्य भेट द्या.’ पिशव्यांवर ‘शुद्ध, सात्त्विक, पौष्टिक, १०० टक्के नैसर्गिक’. दुकानाचं नाव हाताने झाकलं तर आत गूळ मिळतो, तूप मिळतं की सिमेंट, काही कळत नाही. माल चांगला असतो, करणारा माणूस जीव तोडून करतो, आणि त्यातलं काहीच कागदावर उतरत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा पहिला नियम असा की धंदा चालू असताना तिथे जाऊन बसल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. मालक फोनवर जाहिरातीसारखं बोलतो, कामात असला की मोकळेपणाने बोलतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे मालक जे सांगेल ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे तेच गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं, ते. उजवी बाजू रिकामी राहिली की डावीकडची ओळ खोडायची, मालकाची कितीही आवडती असो.

एका गुऱ्हाळाचं उदाहरण देते. मालकांनी आधी लिहून आणलेला मजकूर असा होता: ‘निसर्गाच्या कुशीत तयार झालेला, आरोग्याचा खजिना, १०० टक्के शुद्ध सेंद्रिय गूळ. एकदा खाल तर पुन्हा मागाल!’

सकाळी जाऊन बसले. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर काईल (रस आटवायची मोठी पसरट कढई), रस उकळायला लागला की रानभेंडीचं चिकट पाणी सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. काईल गूळ निववायच्या वाफ्यात उलथली, गूळ निवला, डब्यात भरला. मी विचारलं, ऊस कुणाचा? अर्धा घरचा, अर्धा शेजाऱ्यांचा. खत कोणतं? शेणखत आहे, युरियाही आहे. म्हणजे ‘सेंद्रिय’ गेलं. रंगासाठी हायड्रोस पावडर घालता का? ‘नाही, म्हणून तर आमचा गूळ काळा दिसतो, आणि लोक नाक मुरडतात.’

तिथेच मजकूर सापडला. पेटीवर शेवटी हे छापलं:

‘ऊस आमच्या आणि शेजारच्या शेतातला. रसाची मळी रानभेंडीच्या पाण्याने काढतो. रंग उजळावा म्हणून हायड्रोस पावडर घालत नाही, त्यामुळे गूळ तांबूस-काळपट असतो. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होतं, होळीपर्यंत चालतं. चालू असताना कधीही येऊन बघा.’

यात एकही विशेषण मालाचं कौतुक करत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका (काळा का?) आधी घेतली, तिचं कारण दिलं, आणि शेवटी पडताळून बघायची वाट मोकळी ठेवली. ‘येऊन बघा’ हे फक्त अशाच माणसाला लिहिता येतं ज्याला कुणी आलेलं चालतं. म्हणून ते लिहिण्याआधी मालकाला विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट, एका कागदाला एकच काम द्यायचं. फ्लेक्स मोटारसायकलवरून जाणाऱ्यासाठी, तिथे मालाचं नाव, ठिकाण आणि खूण एवढंच. पिशवी घरी पोचलेल्या माणसासाठी, तिथे वापर आणि साठवण. व्हॉट्सॲपचा निरोप आज मागवणाऱ्यासाठी, तिथे वजन, किंमत, कधीपर्यंत, पोचवणार कसं. तिन्हीकडे तोच मजकूर कापून-वाढवून चिकटवला की तिन्ही वाया जातात.

किंमत लिहायचीच. ‘दरासाठी संपर्क साधा’ वाचून निम्मे लोक फोन करत नाहीत. त्यांना वाटतं, महाग असेल, नाही म्हणायची लाज वाटेल. दर आठवड्याला बदलत असेल तर ‘या आठवड्याचा दर’ लिहून तारीख घाला.

लिहून झालं की त्या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते. ‘आवडलं का’ असं कधीच विचारत नाही, कारण आपल्याकडे माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. विचारते, ‘आता हे घ्यायचं झालं तर तू काय करशील?’ तो अडखळला की मजकूर अडखळला.

आणि शेवटचं म्हणजे मोजणं. फोन आला की मालकाने विचारायचं, ‘कुठं वाचलं?’ आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची: पा म्हणजे पाटी, व्हॉ म्हणजे व्हॉट्सॲप, सां म्हणजे कुणीतरी सांगितलं. हंगाम संपेपर्यंत मजकूर बदलायचा नाही. दर आठवड्याला बदलत राहिलं तर काय चाललं आणि काय नाही हे कधीच समजत नाही.

---

काईल

ताई, माझंही गुऱ्हाळ आहे, म्हणून थोडं परखड लिहितो. तुमचा मजकूर बरोबर आहे, पण बाजार समितीत अडत्यापुढे तो चालत नाही. सौद्यात रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) रंग बघतात, कण बघतात, हाताला कडकपणा बघतात. पिवळा धमक असला की चार पैसे जास्त. तिथे मी ‘काळा का’ याचं कारण कुणाला सांगू? म्हणून आमच्यातले निम्मे लोक पावडर घालतात. ते वाईट आहेत असं नाही, भाव तसा मिळतो.

मी तीन वर्षांपासून थोडा गूळ थेट विकतो, एक किलो आणि पाच किलोच्या पेट्या. तिथे मात्र खरं सांगितल्याचा उपयोग होतो. एकच सुचवतो. ‘हायड्रोस घालत नाही’ हे लिहिणाऱ्याने वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत गंधकाची (हायड्रोसमध्ये ते असतं) तपासणी करून अहवाल जवळ ठेवावा. शहरातलं गिऱ्हाईक मागतं, आणि मागावंच त्यांनी.

दुसरं, जीआय. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं. त्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक जण पेटीवर ‘जीआय मानांकित’ छापायला लागला. तसं चालत नाही. उत्पादकाने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती आहे का हे मजकूर लिहिणाऱ्याने विचारायला हवं.

---

बांधावरून

@काईल, अडत्याच्या सौद्यासाठी मजकूर लिहिता येत नाही हे अगदी खरं. तिथे माल स्वतः बोलतो आणि त्याची भाषा बाजाराने ठरवलेली असते. माझं सगळं बोलणं थेट विक्रीबद्दल आहे, हे वर लिहायला हवं होतं. अहवालाची सूचना वहीच्या उजव्या बाजूला जाते. जीआयचं प्रमाणपत्र मी बघायला मागते. हापूसचंही तेच. २०१८ चं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बाहेरच्या आंब्याच्या पेटीवर तसलं काही लिहायला सांगितलं की मी काम सोडते.

---

शाईवाला

पलूस भागात छापखाना आहे, आता जास्त काम फ्लेक्सचं. ताईंनी लिहिलंय ते रोज डोळ्यांसमोर बघतो. दहा बाय आठचा फ्लेक्स, त्यात मालकाचा फोटो, वडिलांचा फोटो, दोन पुढाऱ्यांचे फोटो, ‘शुभेच्छुक’ म्हणून बारा नावं, आणि कोपऱ्यात बोटभर जागेत ‘सर्व प्रकारची रोपे मिळतील’. कोणती रोपं? आता लागणीला उसाची हवीत, की टोमॅटोची, की डाळिंबाची? एवढं एक लिहिलं तर माणूस गाडी थांबवतो.

मी गिऱ्हाइकाला सांगतो, फ्लेक्सवर सात-आठ शब्दांच्या वर मजकूर नको. मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत टाका, मोबाइलच्या बटणांवर तेच आकडे आहेत. नंबर दोन तुकड्यांत मोडून लिहा म्हणजे पाठ होतो. आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरं कुणी मागितली तर मी छापायचं नाकारतो, उन्हात ती दिसत नाहीत.

किर्लोस्करवाडी आमच्या जवळच, म्हणून एक जुनी गोष्ट इथे जागेवर वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवले तेव्हा ते पडून राहिले. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर मजबूत आहे, खोल जातो, हे कितीही सांगून काय उपयोग? शंका मजबुतीबद्दल नव्हतीच, मातीबद्दल होती. ती फिटली शेतात नांगर चालताना बघून. पुढे १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गावोगाव पोचावी म्हणून. मराठीत खेड्यातल्या गिऱ्हाइकासाठी नेमाने आणि विचारपूर्वक लिहिण्याची सुरुवात शोधायची तर मी तिथे बघेन. ताईंच्या गुळाच्या पेटीत ‘काळा का’ आधी आलं, त्याची जात हीच.

---

रानवारा

मी पुण्यात जाहिरात संस्थेत काम करतो. प्रामाणिकपणे मतभेद नोंदवतो. हा मजकूर फार कोरडा होतोय. माणूस वस्तू विकत घेताना आठवण विकत घेतो. गावची माती, आजीच्या हातची चव, चुलीचा धूर. शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे हवं असतं आणि त्यासाठी तो जास्त पैसे मोजतो. ते काढून टाकलं तर गूळ म्हणजे फक्त एक किलो गोड पदार्थ उरतो. शेतकऱ्याला जास्त भाव मिळावा असं वाटत असेल तर भावना सोडून चालणार नाही.

---

बांधावरून

@रानवारा, भावना सोडा असं मी म्हणत नाहीये. पण ती येते कुठून? पाण्यात थेंब टाकून बोटाने गोळी बघणारा गुळव्या मी वर लिहिला, तो वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काही उभं राहिलं असेल तर ते ‘निसर्गाच्या कुशीत’ने झालेलं नाही. बघितलेला तपशील लिहिला की आठवण वाचणाऱ्याची स्वतःची जागी होते. ‘आजीच्या हातची चव’ आता कारखान्यातल्या लोणच्यावरही असते, त्यामुळे खरोखर जिच्या हातची आहे तिला त्या शब्दांतून काही मिळत नाही.

आणि तुम्ही शहरातल्या गिऱ्हाइकाचा विचार करताय. माझ्या कामातलं मोठं गिऱ्हाईक पंचक्रोशीतलं आहे. गावातलं गिऱ्हाईक त्या आजीला ओळखतं. ती लोणचं घालते की नाही हे त्याला माहीत असतं. तिथे एक खोटी ओळ लिहिली तर पुढच्या बाजारापर्यंत चार गावांत बोभाटा होतो, आणि मालकाला त्याच गावांत राहायचं असतं.

---

उखळ

मी बार्शी तालुक्यातल्या एका बचत गटाची सचिव आहे. आम्ही शेंगदाणा चटणी करतो, उमेदच्या (बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या) माध्यमातून प्रदर्शनाला जातो. मुलीने व्हॉट्सॲपसाठी लिहून दिलेला मजकूर खाली देते. कृपया काय चुकतंय सांगा.

‘खास आपल्यासाठी घेऊन आलो आहोत सोलापूरची सुप्रसिद्ध शेंगदाणा चटणी! घरगुती, पारंपरिक, चविष्ट, आरोग्यदायी! कोलेस्टेरॉल व शुगर नियंत्रणात ठेवते! आजच ऑर्डर करा!’

---

बांधावरून

@उखळ ताई, सगळ्यात आधी कोलेस्टेरॉल आणि शुगरची ओळ आजच्या आज काढा. खाण्याच्या वस्तूबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय याबद्दलचा जाहिरातीचा कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, मुतखडा असे कितीतरी आजार बरे होतात अशी जाहिरातच करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, एखादी बाई ते वाचून गोळी बंद करेल, ही भीती मला जास्त वाटते.

‘घरगुती’बद्दल. अन्नपदार्थांच्या दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत. गिऱ्हाइकाचा चुकीचा समज होईल अशा रीतीने ‘घरी केलेलं’ वगैरे शब्द वापरू नयेत असं त्यात आहे. ‘पारंपरिक’, ‘शुद्ध’, ‘ताजं’, ‘नैसर्गिक’ यांनाही अटी आहेत. तुम्ही गटाच्या शेडमध्ये करता ना? मग तेच लिहा, ते जास्त छान आहे. आता मला सांगा: दाणे कुठले? भाजता कशात? कुटता कशात? किती दिवस टिकते, आणि ते कसं ठरवलंत? तिखट किती? लसूण नसलेली मिळते का? उपासाला चालते का?

---

उखळ

दाणे गावातलेच, लोखंडी कढईत भाजतो, सालं पाखडून काढतो. कुटतो लाकडी उखळात, दोघी समोरासमोर बसून. मिक्सर फिरवला तर पीठ होतं, तेल सुटत नाही. उखळात कुटताना तेल सुटून चटणीला ओल येते, पोळीला नुसतीच लावता येते. लोक तेच विचारतात, ‘वरून तेल घातलंय का?’ नाही घालत. टिकायचं म्हणाल तर गटाने पाकिटं बाजूला ठेवून दर आठवड्याला एक उघडून बघितलं. दोन महिन्यांपर्यंत चांगली राहिली, त्यानंतर दाण्याला खवट वास यायला लागला. म्हणून आम्ही दीड महिना सांगतो. लसूण नसलेली मागणीप्रमाणे करतो.

---

शाईवाला

वा. ‘वरून तेल घातलेलं नाही, उखळात कुटताना दाण्याचंच तेल सुटतं.’ पाकिटावर दुसरं काही नको.

लेबलचं मी सांगतो, रोजचं काम आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि बोधचिन्ह. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. घटक वजनाने उतरत्या क्रमाने. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे असतात, म्हणून ‘शेंगदाणा आहे’ हे ॲलर्जीच्या सूचनेत वेगळं यायला हवं, पदार्थाच्या नावात असलं तरी. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, आणि त्याशिवाय एककाची किंमत. म्हणजे २०० ग्रॅमचं पाकीट ₹९० ला असेल तर प्रति ग्रॅम ४५ पैसे. बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावी, गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे, पाकिटाच्या आकाराप्रमाणे. ही जागा आधी मोजून बाजूला काढा, उरलेल्या जागेत मजकूर लिहा. लोक उलटं करतात आणि मग वजन-तारीख मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबतात.

---

गोठा

मध्येच विचारतो. आमच्याकडे खिल्लार गाई आहेत. तुपाच्या बरणीवर ‘ए-टू तूप’ लिहावं का? सगळे लिहितात.

---

बांधावरून

@गोठा दादा, ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितलं होतं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. तेव्हाचं त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या प्रथिनाचा आहे, आणि तूप म्हणजे जवळपास सगळी चरबी. मी तरी त्या शब्दावर धंदा उभा करणार नाही. तुमच्याकडे खिल्लार आहेत, हे दाखवता येतं. गाई किती, चारा कोणता, दुधाला विरजण लावून ताक घुसळून लोणी काढता की थेट सायीचं कढवता, एका बरणीला साधारण किती लिटर दूध लागतं, हे लिहा. शेवटचा आकडा वाचला की किंमत जास्त का हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

काळी माती

परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या धंद्यात मजकूर चुकला तर माणूस दगावतो, म्हणून सविस्तर लिहितो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर मी दुकानातल्या पाट्यांचा मजकूर स्वतः लिहायला लागलो.

पहिली गोष्ट मोजमापाची. लेबलवर मात्रा हेक्टरी असते. शेतकरी एकरात आणि गुंठ्यात मोजतो, आणि फवारताना पंपात मोजतो. समजा लेबलवर हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात असं आहे. म्हणजे लिटरला एक मिली, १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १५ मिली. हा शेवटचा आकडा पाटीवर हवा, आणि पंप कोणता तेही हवं, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने पाणी कमी लागतं, तिथे हिशेब बदलतो. ‘दोन झाकणं टाका’ असं सांगण्याची पद्धत आम्ही बंद केली. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. मोजायचं माप बिलासोबत देतो.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल. बरेच लोक हिरवा त्रिकोण बघून ‘हे सेंद्रिय, हे चालतंय’ म्हणतात आणि हातमोजे न घालता कालवतात. म्हणून काउंटरसमोर मोठ्या अक्षरात लावलंय: ‘हिरवा त्रिकोण असला तरी विषच आहे. हाताने ढवळू नका. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. रिकामी बाटली घरात वापरू नका.’

कंपनीचे पोस्टर येतात, ‘भरघोस उत्पन्नाची हमी’. मी लावत नाही. पाऊस माझ्या हातात नाही, कंपनीच्याही नाही. लेबलवर ज्या पिकासाठी, ज्या किडीसाठी शिफारस आहे तेवढंच लिहायचं. ताईंच्या वहीची उजवी बाजू म्हणजे आमच्याकडे ते लेबल.

---

पूर्णाकाठ

काळी माती दादा, खूप मोलाचं लिहिलंत.

माझा प्रश्न बोलीचा आहे. अकोल्याकडे बाजाराच्या दिवशी रिक्षावरून पुकारताना पुण्याची मराठी लावली की लोक लक्षच देत नाहीत, बँकेची नोटीस वाटते. आमच्या इथे एका पोराने ‘बियानं पायजे असन तं आजच या, उद्या दुकान बंद हाय’ असं पुकारलं तर माणसं थांबून ऐकत होती. मग पाटीवरही वऱ्हाडी लिहावी का?

---

बांधावरून

@पूर्णाकाठ, बोलायचं ते बोलीतच, आणि पुकारणारा त्याच गावचा हवा. बाहेरच्याने केलेली वऱ्हाडी लगेच ओळखू येते आणि लोकांना ती आपली चेष्टा वाटते. छापताना मात्र मी जपून असते. लोक वाचतात ती मराठी शाळेतली असते. बोली कानाला ओळखीची असली तरी छापलेली वाचताना डोळा अडखळतो. दर, मात्रा, तारीख यांत तर बोली नकोच. वस्तूचं नाव मात्र स्थानिकच ठेवायचं. ज्या भागात ‘सरकी पेंड’ म्हणतात तिथे ‘कापूस बियाणे ढेप’ लिहून कुणाचं भलं होतं?

---

काळी माती

सहमत नाही पूर्ण. इशारा द्यायचा असेल तर बोलीत जास्त पोचतो. माझी ‘हाताने ढवळू नका’ची पाटी मी ‘हात घालू नको रे बाबा’ अशी केली, तेव्हा लोक वाचून एकमेकांना म्हणायला लागले.

---

बांधावरून

हे मान्य. इशाऱ्याचं मी धरलं नव्हतं. तिथे सांगणाऱ्याची माया दिसायला हवी.

---

खळ्यातून

सिंधुदुर्गात घरीच पर्यटकांची राहायची सोय करतो. आमच्याकडे उलटा प्रकार होता. एका माहितीपत्रकात ‘ताजी सुरमई, पापलेट वर्षभर’ असं छापून आलेलं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पाहुणे पावसात यायचे आणि सुरमई मागायचे, आम्ही तोंड कुठे लपवणार?

आता महिन्याप्रमाणे लिहितो. ‘जून-जुलै: समुद्र बंद. खाडीचे मासे मिळाले तर, नाहीतर सुकट, सोलकढी, अळूचं फदफदं, फणसाची भाजी. पाऊस जोरात, वीज जाते, इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो. मोबाइलला रेंज खळ्यात (अंगणात) आहे, खोलीत नाही. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता अरुंद, मोठी गाडी वर देवळापाशी लावावी लागते.’ बायको म्हणाली, असं लिहिलंत तर कोण येणार? पावसाळ्यात येणारे कमी झाले हे खरं, पण जे येतात ते पावसासाठीच येतात, चार दिवस राहतात आणि पुढच्या वर्षी परत फोन करतात. भांडण एक नाही.

---

डोंबिवलीची सून

मी नुसती गिऱ्हाईक आहे, गावाकडून गूळ, हळद, तांदूळ मागवते. विकणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगितल्या तर माझा फोन वाचेल. कुरिअर धरून घरपोच किती पडेल. पाठवल्यापासून किती दिवसांत येईल. आणि पिशवी फुटून आली तर काय करायचं. फोटोसुद्धा पिशवीचा नको, उघड्या मालाचा हवा, हातावर घेतलेला, दिवसाच्या उजेडात. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मागवला तर दाणा किती बारीक आहे हे मला पिशवीवरच्या डोंगराच्या चित्रातून कळत नाही.

---

उखळ

वरचं सगळं वाचून काल बैठकीत नवीन मजकूर केला. वाचून बघा.

‘बार्शी तालुक्यातल्या आमच्या गटाची शेंगदाणा चटणी. गावातले दाणे लोखंडी कढईत भाजून लाकडी उखळात कुटलेली. वरून तेल घातलेलं नाही, कुटताना दाण्याचंच तेल सुटतं. मध्यम तिखट. लसूण नसलेली आधी सांगितल्यास करून मिळेल. ४५ दिवसांत संपवावी, बरणीत कोरडा चमचा वापरावा. २०० ग्रॅम ₹९०. दर मंगळवारी कुटतो, बुधवारी पाठवतो. सोमवार संध्याकाळपर्यंत निरोप द्या. पाकीट फुटून आलं तर फोटो पाठवा, दुसरं पाठवू.’

---

बांधावरून

ताई, फार सुंदर झालंय. ‘मंगळवारी कुटतो, बुधवारी पाठवतो’ हे मला सुचलं नसतं. दोन गोष्टी राहिल्या. डोंबिवलीच्या ताईंनी विचारलेला घरपोच खर्च: एका पाकिटाला तो चटणीपेक्षा जड वाटेल, म्हणून पाच पाकिटांचा एकत्र दर काढून लिहा. आणि उपासाचं. लसूण नसलेली चटणी उपासाला चालेल का असं विचारतीलच. त्यात जिरं आणि लाल तिखट आहे, काही घरांत चालतं, काहींत नाही. आपण ठरवायला जाऊ नका, घटक लिहा.

---

शाईवाला

लेबलचा मजकूर पाठवा ताई, छापून देतो. छापायच्या आधी प्रूफ गटाकडे येईल. शुद्धलेखन मी बघतो, आकडे गटातल्या दोघींनी बघा. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवायचं: वजन, किंमत, परवाना क्रमांक, आणि मोबाइल नंबरवर समोरच एक फोन लावून बघायचा.